गल्लीतले वाघ आणि आमचं निवेदन

खामगावात आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर वेल्डिंगचं एक दुकान आहे आणि दुकानापुढे एक लोखंडी बाकडं. त्या बाकड्यावर बसून मी नऊ वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला शिव्या घातल्या. पोरं दर तीन वर्षांनी बदलत गेली, शिव्या त्याच राहिल्या. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे माझी इज्जत उतरतच जाणार आहे आणि उतार कुठून सुरू झाला ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. संध्याकाळी पाच वाजले की दुकान भावाच्या हवाली करायचं आणि बाकडं गाठायचं. तिथून कंपाउंडच्या जाळीपलीकडे पूर्ण कोर्ट दिसतं. आम्ही कायमचे तिघं. मी, माझा वर्गमित्र, जो कापसाचा अडत्या आहे आणि भाव पडला की टीमवर राग काढतो, आणि गणिताचे एक रिटायर्ड मास्तर. दुकानाचा मालक चाचा आमच्या मागे वेल्डिंग करत असायचा. तोंडावर काच ओढून काम करायचा, त्यामुळे आमच्या गप्पा ऐकून त्याचा चेहरा कसा होतो हे आम्हाला कधी दिसलं नाही. ते एका परीनं बरंच झालं.

मी स्वतः कॉलेजच्या टीमात होतो. म्हणजे टीमच्या फोटोत आहे. तेवढ्या बळावर मला खेळातलं सगळं कळतं असा माझा समज होता, आणि तो खोडून काढायला कोणी त्या बाकड्यावर येत नव्हतं.

टीमचं दुखणं जुनं होतं. आपल्या कोर्टावर पोरं मारलेला बॉल बरोबर रिंगमध्ये घालायची. पाहुणी टीम आली की तिचे बॉल मात्र रिंगवरून जाऊन मागच्या फळीवर आदळायचे. आम्ही जाळीला लटकून ओरडायचो आणि म्हणायचो, पाहा, आपल्या आवाजानं पाहुण्यांचे हात कसे कापतात. पण हीच पोरं अकोल्याला, चिखलीला, मलकापूरला गेली की शेण खायची. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागायचा आणि परत यायचा. शॉर्ट. दर वेळी शॉर्ट. मास्तर बाहेरच्या मॅचला वही घेऊन जात आणि प्रत्येक चुकलेला बॉल कुठे लागला ते टिपून ठेवत. त्या वहीत वर्षानुवर्षं एकच शब्द होता: पुढची कड, पुढची कड, पुढची कड. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या माणसानं त्यावरून काढलेला निष्कर्ष असा, की पोरांत हिंमत कमी आहे.

"गल्लीत वाघ अन् बाहेर मांजरं," अडत्या म्हणायचा. मी मान डोलवायचो. मान डोलवायला मला कधी त्रास पडला नाही.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजला खेळाचे नवे सर आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुम्ही शिक्षक, सत्र संपलं की पुन्हा कोणी नाही. सडपातळ पोरगा, तिशीही नसेल. रोज जळगाव जामोदहून बसनं यायचा आणि बसनंच परत जायचा. आल्यावर पंधरा दिवसांत तो माझ्या दुकानात आला. मी चहा मागवला.

"काका, कोर्टाचा कोबा तुम्हीच दिला ना?"

"नुसता दिला नाही, स्वतः उभं राहून टाकून घेतला."

"जुन्या फरशीवरच टाकला?"

"मग काय हवेत टाकला? पुरे चार इंच. ट्रक उभा केला तरी तडा जायचा नाही."

त्यानं चहाचा घोट घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मी तोवर माझी गोष्ट सुरू केली होती. ती गोष्ट मी सांगतो तेव्हा मधे बोलायचं नसतं, हे माझ्या घरच्यांनाही माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्या कोब्याचं उद्घाटन झालं. माझ्या हातात बॉल दिला. वय चाळीस, पोट पुढे, पायात चपला, आणि आयुष्यात मॅचमध्ये एकही फ्री थ्रो न टाकलेला मी. टाकला, आणि सरळ रिंगमध्ये. कडेला धक्कासुद्धा नाही. टाळ्या. भिंतीवर माझ्या नावाची पाटी लागली. त्या दिवसापासून मला पक्कं वाटत आलं की मला खेळायला दिलं असतं तर कॉलेजचा इतिहास वेगळा झाला असता.

नव्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं काका," म्हणाले आणि उठून गेले. मी भावाला म्हटलं, पोरगा भला आहे, पण यात दम नाही.

सीझन सुरू झाला. बाहेरचे पहिले तिन्ही सामने गेले. तिन्ही शॉर्ट. दर हरण्याला आमचा राग बाकड्यावर चढत गेला. आणि दिवाळीनंतर जे झालं त्यानं तर आमच्या डोक्याचा ताबाच सुटला. पोरांचे बॉल आता घरच्या कोर्टावरही जाईनासे झाले. ज्या कोर्टावर नऊ वर्षं आपण वाघ होतो तिथेही पुढची कड. सर काय करायचे, तर पोरांना एका रेषेवर उभं करून नुसते फ्री थ्रो टाकायला लावायचे. पोरं टाकायची, बॉल परत यायचा, सर शांतपणे म्हणायचे, पुन्हा. संध्याकाळभर तेच. ना धावणं, ना ओरडणं. आमच्या काळी आमचे सर शिट्टी फेकून मारायचे.

"हा पोरगा टीमले मारून राह्यला बे," अडत्या म्हणाला. "बाहेर तर हरतच होतो, आता घरातही हरवल हा आपल्याले."

आमच्याकडे राग आला की माणूस निवेदन देतो. बाहेरच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला हवा. निवेदन म्हणजे अर्ज नव्हे. अर्ज एकटा माणूस मान खाली घालून देतो. निवेदन आठ-दहा जण मिळून देतात, आणि कागदाच्या एका कोपऱ्याला साहेबाचा हात, बाकी सगळ्या बाजूंनी आपले हात, आणि सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे, असा फोटो काढल्याशिवाय ते दिलं असं कोणी मानत नाही. पाणी नाही, निवेदन. रस्त्यात खड्डा, निवेदन. काम झालं की नाही ते कोणी विचारत नाही. फोटो आला का, ते विचारतात.

मजकूर मी लिहिला. अजून पाठ आहे. "सदर प्रशिक्षकांमुळे खेळाडूंचे मनोबल खचले असून महाविद्यालयाची प्रतिष्ठा धुळीस मिळत आहे." धुळीस हा शब्द मला सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. मागणी एकच: दुसऱ्या सत्रात यांना तास देऊ नयेत. बाकड्यावर बसूनच सह्या घेतल्या. चाचाला कागद पुढे केला. त्यानं काच वर केली, कागद पाहिला आणि म्हणाला, "मले लिहिता नाई येत, शेठ." आणि काच खाली. तोच चाचा माझ्या दुकानाला पावत्या लिहून देतो, उर्दूत आणि मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. राग असला की डोक्यात जागा नसते.

प्राचार्यांनी कागदाचा कोपरा धरला, आम्ही बाकीच्या बाजू धरल्या, फोटो निघाला. गावच्या पेपरात आला. त्यात मी मधोमध आहे.

आणि मग टीम जिंकायला लागली.

आधी चिखलीला. आम्ही म्हटलं, फ्लूक. मग मलकापूरला. मग अकोल्याला, जिथे आमच्या कॉलेजनं माझ्या आठवणीत कधी मॅच काढली नव्हती. मास्तरांच्या वहीत पुढची कड हा शब्दच येईना. पोरं रेषेवर उभी राहायची, एक श्वास घ्यायची आणि बॉल आत.

त्या आठवड्यात बाकड्यावर जी चर्चा झाली ती आठवली की आजही माझे कान तापतात. मास्तरांचं म्हणणं, त्यांनी कॅप्टनला एकदा रस्त्यात थांबवून हिंमतीवर चार शब्द सांगितले होते, तिथून फरक पडला. अडत्याचं म्हणणं, उंच पोराला त्यानं दिलेल्या तुपामुळे पोराच्या हातात ताकद आली. एका ओळखीच्यानं तर सांगितलं की त्यानं नवस बोलला होता आणि आता जळगाव जामोदकडे डोंगरात जाऊन फेडायचा आहे. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी बोललो. शेवटी बोलण्यात वजन असतं.

"हे सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "पण पोरं सुधारली कधीपासून? निवेदनानंतर. त्या सराच्या मानेवर कागद ठेवला तेव्हा कुठे तो जागा झाला."

"हाव, कागदात ताकद असते बे," अडत्या म्हणाला. मास्तरांनीही मान्य केलं. वहीत निवेदनाच्या तारखेखाली त्यांनी एक रेघ ओढली. अलीकडे पुढची कड, पलीकडे आत. गणिती पुरावा. मी तीन चहा सांगितले आणि चाचालाही एक द्यायला लावला.

चाचानं काच वर केली, चहा घेतला आणि कोर्टाकडे पाहत सहज म्हणाला, "रिंग वर केली ना आम्ही."

"कोणती रिंग?"

"हीच. दोन्ही. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. सर अन् पोरं होती, म्या नवे होल मारून बोर्ड वर चढवला. सरानं बांबू आणला होता, नियमाच्या उंचीचा, दहा फुटाचा मोजून कापलेला. तो उभा केला तं रिंगच्या वर जाये. चार-साडेचार इंच रिंग खाली होती."

मास्तरांनी वही उघडली आणि लगेच मिटली.

मी लोखंड-सिमेंटचा माणूस. मला हिशोब कळायला सेकंद लागला नाही. जुनी फरशी, तिच्यावर चार इंच कोबा. जमीन वर आली, खांब तिथेच राहिले. नऊ वर्षं आमची पोरं बुटक्या रिंगवर शिकली आणि बाहेर खऱ्या रिंगवर गेली की त्यांचा हात कमी पडत होता. हिंमत नाही, हात. पाहुणे आमच्याकडे आले की त्यांचा हात जास्त पडायचा. आमच्या ओरडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दिवाळीनंतर पोरं घरी चुकू लागली, कारण ती पहिल्यांदा बरोबर शिकत होती. आणि चाळिशीत, पोट घेऊन, चपलांवर मी टाकलेला तो बॉल, ज्याच्यावर मी नऊ वर्षं जगलो, तो रिंगनं खाली येऊन झेलला होता.

आधी राग चाचावर काढला, तो जवळ होता म्हणून. "तुला माहीत होतं तर आम्ही सह्या करत होतो तेव्हा काऊन नाही बोलला?"

"सरानं सांगितलं होतं, गवगवा नको, परवानगी नाई," चाचा म्हणाला. "अन् तुम्ही पुसलं कुठं शेठ? तुम्ही तं सांगून राह्यले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांकडे गेलो. घडाघडा सगळं सांगितलं. रिंग खाली होती, चूक माझ्या कोब्याची, सरांनी ती ओळखली, एका रविवारी चाचाला घेऊन स्वतः रिंग वर केली, म्हणून टीम सुधारली, म्हणून आमचं निवेदन परत द्या. मला वाटलं होतं प्राचार्य उठून सरांना बोलावतील. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेत विनापरवाना फेरफार केला," ते म्हणाले. "हे आम्हाला माहीत नव्हतं."

मी आग विझवायला गेलो होतो आणि बादलीत रॉकेल होतं. मी आवाज चढवला. ते शांत राहिले. त्या शांतपणाचा मला जितका संताप आला तितका टीमच्या कुठल्याही हरण्याचा आला नव्हता. ते म्हणाले, निवेदनाला आवक नंबर पडला आहे, कमिटीपुढे गेलं आहे, ठराव झाला आहे. शिवाय तुमच्या निवेदनानंतर संघ सुधारला हे सगळं गाव म्हणतंय, पेपरातही आलंय. तक्रारीत तथ्य नसतं तर सुधारणा झाली असती का? दुसऱ्या सत्रात सरांना तास मिळणार नाहीत. फार वाटत असेल तर निवेदन मागे घेण्याचं निवेदन द्या, सगळ्या सह्यांनिशी.

पेपरातही आलंय, हे खरं होतं. "निवेदनाचा दणका," असा मथळा. फोटो तोच, मी मधोमध.

संध्याकाळी नवा कागद घेऊन बाकड्यावर गेलो. अडत्या वाचत वाचत अर्ध्यावर थांबला.

"अन् आपण जे केलं ते?" तो म्हणाला.

"आपण काय केलं?"

"टीम सुधारली नं बे. आता हे दिलं तं लोक म्हणतील निवेदनानं काही झालंच नव्हतं. सारं गाव हसल आपल्याले."

"हसू दे. त्या पोराची नोकरी जाऊन राह्यली."

"त्याले दुसरी भेटल. आपल्याले दुसरा फोटो भेटल का?"

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शाळेपासूनची दोस्ती आहे, म्हणून शाळेपासूनच्या शिव्या निघाल्या. त्यानंही ठेवलं नाही. त्यानं विचारलं की मजकूर कोणी लिहिला होता, धुळीस कोणी लिहिलं होतं. मास्तरांकडे कागद केला तर ते म्हणाले, प्रकरण संमिश्र आहे, हिंमतीचा भागही असतो. मी त्यांची वही हातातून ओढून त्यांच्यापुढे उघडी धरली आणि पुढची कड, पुढची कड असं मोठमोठ्यानं वाचत राहिलो, तोवर ते उठून घरी गेले. वयानं मोठ्या माणसाशी असं वागायचं नसतं. वागलो.

राहता राहिले सर. ते बसस्टँडवर सापडले, जळगाव जामोदची बस लागायची होती. मी सगळं एका दमात सांगितलं, प्राचार्यांपुढे रिंगचं मीच बोलून गेलो तेही. मला वाटलं आता हा तरी मला शिव्या देईल, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. त्यांनी बॅग बाकावर ठेवली.

"रिंग वर करायची परवानगी मागितली तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, कोबा देणगीदाराचा आहे, आधी त्यांची हरकत नाही ते पाहा," ते म्हणाले. "म्हणून तुमच्याकडे आलो होतो. पण तुम्ही तो बॉल सांगायला लागलात."

"मग मला थांबवायचं नाही का?"

"तुम्ही इतके खूश होता काका."

याच्यापेक्षा शिवी बरी असते.

त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. सोमवारी दुसऱ्या एका कॉलेजात त्यांची मुलाखत होती. तिथे विचारणार, मधूनच का सोडलं, आणि इथल्या कागदांत तक्रार आणि विनापरवाना फेरफार असं लिहिलेलं. "कोब्याचं तुम्ही लिहून द्याल का? तुमच्या दुकानाच्या लेटरहेडवर. सह्या बाकीच्यांच्या नकोत. कोबा तुमचा आहे."

बस लागली होती. ते म्हणाले, पुढच्या बसनं जातो. आम्ही माझ्या दुकानात आलो. त्याच खुर्चीवर त्यांना बसवलं. भाऊ चहा सांगायला निघाला तर मी त्याच्यावरही ओरडलो, त्याची काही चूक नसताना. मग लिहायला बसलो. निवेदन लिहिताना शब्द आपोआप येत होते. आता खचले, धुळीस, प्रतिष्ठा यातला एकही उपयोगाचा निघेना. शेवटी साधंच लिहिलं. की कोर्टावर नऊ वर्षांपूर्वी चार इंच कोबा मी टाकला, खांब वर घेतले नाहीत, त्यामुळे रिंग चार इंच खाली राहिली. की संघ हरत होता तो माझ्यामुळे, आणि सुधारला तो या शिक्षकांमुळे. की त्यांच्याविरुद्धचं निवेदन मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. आमच्या गावात असा कागद कोणी एकट्यानं लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही. सही केली. फोटो काढायला कोणी नव्हतं.

सरांनी कागद घेतला, दोनदा वाचला. आभार मानतील म्हणून मी खुर्चीत जरा सरळ बसलो. जित्याची खोड.

"काका, एक दुरुस्ती होती," ते म्हणाले. "चार नाही. साडेचार इंच."

"चारच. मी स्वतः उभा होतो."

"मी मोजलंय काका. बांबू लावून, चार ठिकाणी. साडेचार."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला आठवलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गवंड्याला मी म्हटलं होतं, पाहुणे येणार आहेत, वरून सिमेंटचा आणखी एक हात मार, चकचकीत दिसलं पाहिजे. तो म्हणत होता, शेठ, गरज नाही. मी त्याच्यावर ओरडलो होतो.

कागद फाडला. नवीन लेटरहेड घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागलो.